काखेचा वास, आजीची तुरटी आणि लिंबू-सोड्याचा उपद्रव

प्रश्न डोंबिवलीच्या एका आईचा आहे. मुलगी १७ वर्षांची, रोज लोकलने कॉलेजला जाते. दुकानातला डिओ मारला की काखेत पुरळ उठतं, आग होते आणि वर्षभरात काख काळवंडली आहे. मोबाइलवर बघून तिने आता खाण्याचा सोडा आणि लिंबाचा रस लावायला सुरुवात केली आहे. आजी म्हणते, तुरटी फिरव. यातलं काय करावं? शिवाय धाकट्या १२ वर्षांच्या मुलालाही हल्ली घामाचा वास येतो, त्याला काय लावायचं?

ताई, आधी तातडीचं सांगते. लिंबू आणि सोडा आजपासून बंद. आजींचं बरोबर आहे, पण तुरटीचीही काही पथ्यं आहेत. आणि तुरटीच्याही आधी न्हाणीघरात एक गोष्ट करायची आहे, जी बहुतेक घरांत होत नाही.

त्यासाठी वास कुठून येतो ते थोडं समजून घ्या. अंगभर असतात त्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः मीठपाणी सोडतात. त्यांचं काम अंग गार ठेवणं. काख, जांघ आणि स्तनाग्रांभोवती दुसऱ्या जातीच्या ग्रंथी असतात. त्या केसांच्या मुळाशी उघडतात, वयात येताना जाग्या होतात आणि त्यांचा स्राव किंचित दाट, प्रथिनं आणि स्निग्धांश असलेला असतो. हा स्राव बाहेर पडतो तेव्हा त्याला वास जवळपास नसतोच. काखेत वस्तीला असलेले कोरिनेबॅक्टेरियम आणि स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू तो फोडतात आणि त्यातून वासाची द्रव्यं सुटतात. गंधकयुक्त द्रव्यांचा वास कांद्यासारखा, एका आम्लाचा चक्क जिऱ्यासारखा, दुसऱ्याचा बोकडासारखा. कोणाच्या काखेत कोणते जंतू जास्त, त्यावर ज्याचा त्याचा दर्प ठरतो. कोरियातल्या बहुसंख्य लोकांत एबीसीसी११ नावाच्या जनुकाचा असा प्रकार असतो की काखेतून हा कच्चा मालच फारसा बाहेर येत नाही. त्यांच्या कानातला मळही कोरडा असतो.

म्हणजे उपाय तीनच दिशांनी होऊ शकतो. जंतू कमी करायचे, जागा त्यांना नकोशी करायची, किंवा घामच कमी करायचा. सुगंध मारणं यातल्या कशातच बसत नाही. आपल्याकडे डिओ म्हणून जे लांबट डबे विकले जातात त्यांतल्या बऱ्याचशांत अल्कोहोल, अत्तर आणि फवारा उडवणारा वायू, एवढाच ऐवज असतो. अल्कोहोलने जंतू थोडा वेळ दबतात, पण रेझर फिरवलेल्या काखेवर तेच अल्कोहोल झोंबतं आणि पुरळ उठवण्यात अत्तरातल्या द्रव्यांचा हात मोठा असतो. घाम रोखणारा म्हणजे अँटिपर्स्पिरंट हा वेगळा माल. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरता बूच तयार करतात. डब्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या, कारण दुकानदार दोन्हींना डिओच म्हणतो.

आता न्हाणीघरातली गोष्ट. काख नीट धुतली जात नाही. साबण अंगावरून ओघळताना काखेतून गेला की झालं, असं चालतं. काखेला हाताने साबण लावायचा, बोटांनी अर्धा मिनिट चोळायचा, नंतर पाण्याने पूर्ण निघेपर्यंत धुवायचा. साबणाचा अंश राहिला तरी खाज येते. घासणी, काथ्या, वजरी यांपैकी काहीही काखेला लावायचं नाही. आणि मग पुसायचं. दमट हवेत राहणाऱ्यांची खरी गोम इथे आहे. सकाळी घाईत अर्धवट ओल्या अंगावर कपडे चढतात, काख दिवसभर ओलीच राहते आणि जंतूंची चंगळ होते. सुती पंचाने काख टिपून घ्या, पंख्याखाली दोन मिनिटं हात वर करून उभं राहा, मग कपडे घाला. संध्याकाळी घरी आल्यावर दुसऱ्यांदा धुवा. काखेत पुरळ नसेल तर नुसत्या एवढ्याने आठवड्याभरात निम्मी तक्रार मिटलेली मी पाहते, आणि लोकांना ते फार साधं वाटतं म्हणून पटत नाही.

केसांचं म्हणाल तर, केसांवर स्राव आणि जंतू दोन्ही धरून राहतात, त्यामुळे केस कमी असले की वास कमी येतो. पण गुळगुळीत करण्याची गरज नाही. छोट्या कात्रीने किंवा ट्रिमरने आखूड ठेवले तरी पुरतं. तुमच्या मुलीने पुरळ बरं होईपर्यंत रेझर, वॅक्स, केस काढायचं क्रीम, सगळ्यालाच सुट्टी द्यावी.

मग तुरटी. सलूनमध्ये दाढीनंतर फिरवतात, गावाकडे गढूळ पाणी नितळायला वापरतात, तीच. रसायनशास्त्रात ती पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचं सल्फेट. पाण्यात विरघळली की द्रावण आम्लधर्मी होतं, त्वचेवरची प्रथिनं किंचित आकसतात, म्हणूनच कापल्यावर रक्त थांबतं, आणि काखेतल्या जंतूंना ही जागा मानवत नाही. ती घाम फारसा थांबवत नाही, वास थांबवते. हा फरक मुलीला सांगून ठेवा, नाहीतर दोन दिवसांनी कुर्ता भिजला म्हणून ती तुरटी खिडकीबाहेर टाकेल.

वापरायची पद्धत अशी. किराणा दुकानात किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा पांढरा, अर्धपारदर्शक खडा घ्या. त्याच्या कडा धारदार असतात, त्या वाहत्या पाण्याखाली चोळून गोल करून घ्या. आंघोळीनंतर खडा ओला करून स्वच्छ काखेत तीन-चार वेळा हलकेच फिरवा, वाळू द्या. खडा धुऊन, पुसून ठेवा. साबणाच्या ओल्या डबीत राहिला तर विरघळत जातो. प्रत्येकाचा खडा वेगळा. खडा फिरवणं नको असेल तर द्रावण करा: १०० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात तुरटीची पूड एक छोटा सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम. पूर्ण विरघळली की फवाऱ्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा. धातूचं झाकण किंवा पंप नको, गंजतो. निम्मं पाणी काढून तिथे गुलाबपाणी घातलं तरी चालतं, मात्र त्यात रंग-सुगंध मिसळलेला नसावा. पंधरा दिवसांत संपवा, नवीन करायला दोन मिनिटं लागतात. तव्यावर फुलवलेली तुरटीची लाही पूड करून चोळतात, ती मात्र काखेसाठी फार तीव्र होते. तिच्यातलं पाणी उडालेलं असतं आणि घामात भिजल्यावर ती एकदम घट्ट द्रावण बनते. ते करू नका.

केस काढल्यानंतर निदान एक दिवस तुरटी लावायची नाही. दाढीनंतर पुरुष लावतात हे खरं, पण गालाला हवा लागते. काखेची घडी दिवसभर मिटलेली असते आणि तिथे जळजळ लवकर होते. चिरा, फोड, ओलसर लाली असेल तरीही नाही.

एक गंमत इथेच सांगते. शहरातल्या महागड्या दुकानांत ‘क्रिस्टल’ नावाने गुळगुळीत कांड्या मिळतात आणि त्यांच्या जाहिरातीत कधी कधी ‘अ‍ॅल्युमिनियम-मुक्त’ असं छापलेलं असतं. ती तुरटीच आहे, आणि तुरटीत अ‍ॅल्युमिनियम आहेच. त्याची भीती बाळगायचं कारण नाही. अखंड त्वचेतून ते शरीरात जाण्याचं प्रमाण नगण्य आहे आणि घामरोधकांमुळे स्तनांचा कर्करोग होतो असं आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा. मूत्रपिंडाचा आजार बळावलेल्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय अ‍ॅल्युमिनियमचं काहीही रोज लावू नये. आणि मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या, दिवशी काखेत तुरटी, डिओ, पावडर काहीच नको, कारण हे कण चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसून घोळ होतो.

लिंबू-सोड्याबद्दल मी इतकी ठाम का, ते आता. निरोगी त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ४.५ ते ५.५ असतो, किंचित आम्ल. खाण्याच्या सोड्याचं द्रावण ८.३ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी. पहिले काही दिवस वास छान जातो, कारण वासाची आम्लं त्यात निष्प्रभ होतात. पण रोजच्या वापराने त्वचेचा वरचा थर सैल पडतो, मग लाली, चुरचुर, सालं निघणं. लिंबाचा रस याच्या उलट टोकाला, सामू २ ते ३. वर त्यात अशी द्रव्यं असतात की रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि मागे काळे डाग राहतात. बिनबाह्यांचा कपडा घालून उन्हात फिरणाऱ्या मुलींच्या काखेच्या कडेला हे मी बघते. दोन्ही एकत्र केले की फेस येतो, तो दिसायला औषधी वाटतो. प्रत्यक्षात दोघं एकमेकांना निकामी करत असतात आणि जे उरतं ते त्वचेला ओरबाडतं.

काख काळी पडली आहे ती बहुधा याच रस्त्याने. डिओची आग, त्यावर रेझर, त्यावर लिंबू. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत कुठलीही आग शमली की मागे रंग सोडून जाते. घासून तो जात नाही, वाढतो. कारण थांबवलं की काही महिन्यांत हळूहळू उतरतो. पण एक गोष्ट आरशात नीट पाहा: त्वचा नुसती काळी आहे, की मखमलीसारखी जाड, घड्यांची झाली आहे? मानेच्या मागेही तसंच आहे का? वजन वाढलंय, पाळी अनियमित आहे? असेल तर तो मळही नाही आणि डिओचा दोषही नाही. शरीरात इन्सुलिनला दाद कमी मिळत असल्याची ती खूण असते. तेव्हा रक्तातली साखर आणि बाकीच्या तपासण्या करून घ्याव्या लागतात. या मुलींना घरात वर्षानुवर्षं ‘मान घासत जा’ म्हणून बोलणी बसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

घरी क्रीम करायची हौस असेल तर जरूर करा. खोबरेल तेलातल्या लॉरिक आम्लाला जंतूंविरुद्ध थोडी ताकद आहे, आरारूट ओल टिपून घेतं आणि झिंक ऑक्साइड आग शमवतं, वासही धरतं. झिंक ऑक्साइड तेच, जे कॅलामाइनमध्ये आणि बाळाच्या लंगोटपुरळावरच्या मलमात असतं. अमेरिकेत १८८८ साली बाजारात आलेलं ‘मम’ हे दुकानी डिओडरंटांतलं आद्य नाव, तेही जस्ताचं क्रीमच होतं. प्रमाण असं धरा: खोबरेल ३० ग्रॅम, मधमाशांचं मेण ८ ग्रॅम, आरारूट १५ ग्रॅम, औषधी दर्जाचं झिंक ऑक्साइड ५ ग्रॅम. मेण आणि तेल उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात पातळ करायचं, खाली उतरवून पुडी चाळून घालायच्या, घट्ट होईपर्यंत ढवळत राहायचं. परदेशी कृतींत मेण नसतं किंवा नावाला असतं. खोबरेल २४ अंशांनाच वितळतं, त्यामुळे ती कृती आपल्याकडे एप्रिलमध्ये बरणीत तेल वर आणि पीठ खाली अशी होऊन बसते. कोकणात ओळखीपाळखीने अस्सल मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, मिळत असेल तर मेणाऐवजी १५ ग्रॅम ते घ्या. ते ३८ अंशांच्या पुढेच पातळ होतं आणि भेगांवर लावायची आपली जुनी सवय असल्याने घरात कोणी नाक मुरडत नाही. मुगाएवढं क्रीम एका काखेला पुरे. जास्त लावलं तर ब्लाउजच्या बाहीला तेलकट डाग पडतो.

हे क्रीम ज्यांना पाठीवर-छातीवर शिबं उठतात त्यांनी टाळावं. शिबं ज्या बुरशीमुळे होतात तिला खोबरेलातली स्निग्ध आम्लं खाद्य म्हणून आवडतात.

मिल्क ऑफ मॅग्नेशिया, म्हणजे बद्धकोष्ठावरचं पांढरं औषध, काखेत लावतात हेही ऐकलं असेल. अल्कधर्मी असलं तरी ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून सोड्याइतकं झोंबत नाही. कापसाने पातळ थर देऊन वाळवला तर काहींना चांगलं लागू पडतं. सुवासाचं नको, साधं घ्या. पांढरं व्हिनेगर एकाला चार पाणी या प्रमाणात चालतं आणि वाळल्यावर त्याचा वासही राहत नाही, पण तुमच्या मुलीच्या सध्याच्या काखेवर नको. टी ट्री वगैरे तेलं थेंबभरही थेट लावायची नाहीत. ३० मिली तेलात सहा थेंब, याच्यापुढे जाऊ नये, आणि अ‍ॅलर्जीची शक्यता तरीही उरते. भीमसेनी कापूर घातलेल्या पावडरी दोन वर्षांखालच्या मुलांच्या आसपासही नकोत.

सुगंधाची हौस आपल्याकडे जुनी. वराहमिहिराच्या सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय आहे. उटण्यातल्या नागरमोथा, वाळा, कापूरकाचरी, चंदन, आंबेहळद यांना छान, कोरडा वास असतो आणि आठवड्यातून एकदा मसुराच्या पिठात कालवून हलक्या हाताने लावून धुऊन टाकलं तर काखेला ते मानवतंही. मात्र काही उटण्यांत बावची असते. तिच्यातलं सोरॅलेन लिंबातल्या द्रव्यांच्याच कुळातलं आहे, उन्हात त्वचा भाजतं. पुडीवर बावची लिहिलेली असेल तर ते उटणं काखेत नको, आणि कुठलंच उटणं पावडरीसारखं लावून दिवसभर ठेवायचं नाही. सुगंध हवाच असेल तर तो कपड्यांना द्या: कपाटात वाळ्याची जुडी ठेवा, रुमालाला अत्तर लावा. त्वचेचा संबंधच येत नाही.

कपड्यांचं एवढ्याचसाठी महत्त्वाचं की अर्ध्या वेळा वास माणसाला नसतो, कुर्त्याला असतो. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या २०१४ सालच्या अभ्यासात व्यायामानंतरचे सुती आणि पॉलिस्टरचे कपडे हुंगून पाहिले, तेव्हा पॉलिस्टरचे जास्त उग्र निघाले. त्यांच्यावर मायक्रोकॉकस जातीचे जंतू जास्त माजलेले होते. लोकलच्या गर्दीत जाणाऱ्या मुलीला सुती कुर्ता, आत सुती शमीज, आणि कॉलेजला पोचल्यावर काख टिपायला एक ओला आणि एक कोरडा रुमाल, ही शिदोरी कुठल्याही फवाऱ्यापेक्षा भारी. जुन्या कुर्त्याच्या बगलेत वास बसला असेल तर धुण्याआधी तो भाग अर्धा तास पातळ व्हिनेगरात भिजवा आणि उन्हात उलटा करून वाळवा. खाण्याचा सोडा वाया जाऊ द्यायचा नसेल तर तो इथे वापरा, वेगळ्या धुण्यात. पावसाळ्यात घरात दोन दिवस लोंबकळून वाळलेल्या कपड्यांना कुबट वास येतो, तोही जंतूंचाच. अशा कपड्यांवर इस्त्री फिरवल्याशिवाय घालू नयेत.

तुमच्या मुलीसाठी क्रम असा ठेवा. दोन आठवडे काहीही लावायचं नाही. फक्त सौम्य साबण, कोरडं करणं, आणि आग असेल तिथे कॅलामाइन. पुरळ पूर्ण गेल्यावर तुरटीचं द्रावण आधी कोपराच्या आतल्या बाजूला, एकाच जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा. तिथे काही झालं नाही तर काखेत. दोन आठवड्यांत पुरळ जात नसेल, खाज वाढत असेल, कड उठलेले गोल चट्टे दिसत असतील तर तो नायटा असू शकतो. अशा वेळी औषधाच्या दुकानातून तीन-चार औषधं मिसळलेली ट्यूब आणून चोळू नका. तिच्यात बहुतेकदा तीव्र स्टिरॉइड असतं. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, नायटा मात्र आतून पसरतो आणि नंतर हटता हटत नाही. काखेतल्या केसांवर पिवळट कण चिकटलेले दिसले तर तो जंतूंचा थर असतो, केस काढून औषध लावलं की जातो. वारंवार काखमांजऱ्या होत असतील, पू येऊन व्रण राहत असतील, तर घरगुती काहीच नको, सरळ तपासून घ्या. अचानक घाम वाढणं, सोबत वजन घटणं, धडधड होणं, किंवा रात्री कपडे बदलावे लागतील इतका घाम येणं, हा डॉक्टरांचा विषय आहे.

आणि तुरटीने वास गेला पण कुर्त्यावर घामाचे डाग पडून मुलीला वर्गात हात वर करायची लाज वाटत असेल, तर सुवास नसलेलं अँटिपर्स्पिरंट वापरण्यात काहीही कमीपणा नाही. ते रात्री, कोरड्या काखेला लावून झोपायचं आणि सकाळी धुवायचं. रात्री घाम कमी असतो, म्हणून बूच नीट बसतं. घरगुती ते निर्मळ आणि दुकानातलं ते विष, अशी वाटणी त्वचा करत नाही.

राहिला धाकटा. बाराव्या वर्षी वास येणं हे वयात येण्याचं पहिलं लक्षण असू शकतं, त्यात काळजीचं काही नाही. त्याला काही लावायची गरज नाही. खेळून आल्यावर काख, जांघ आणि पाय साबणाने धुणं, बनियन रोज बदलणं, आणि ओले मोजे बुटात कोंबून न ठेवणं एवढं जमलं तरी खूप झालं. फार तर शाळेच्या दिवशी तुरटीचा खडा फिरवा. हे त्याला वडिलांनी किंवा मामाने एकट्यात सांगावं, जेवणाच्या ताटावर सगळ्यांसमोर नाही. हाच वास मुलीला आठ वर्षांच्या आत किंवा मुलाला नऊच्या आत येऊ लागला असता तर मात्र मी तुम्हाला आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं.